सरावाला तमाशा म्हणण्याआधी

आपत्तीचा सराव म्हणजे सरकारी तमाशा, हे मत आता इतकं सर्रास झालंय की ते मांडणाऱ्याकडे कुणी पुरावाही मागत नाही. सायरन वाजतो, नारिंगी जॅकेट घातलेले जवान धावतात, एका धडधाकट माणसाला स्ट्रेचरवर झोपवून रुग्णवाहिकेत चढवतात, अधिकारी घड्याळ बघतात, फोटो निघतात आणि अर्ध्या तासात सगळे पांगतात. दुसऱ्या दिवशी बातमी येते, यंत्रणा सज्ज. हे बघितलेला माणूस वैतागून म्हणतो, बंद करा हे सगळं आणि त्या पैशात गटारं साफ करा. त्याचा वैताग खरा आहे. त्यातून त्याने काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे, आणि पालीसारख्या समुद्रकाठच्या गावात तो जिवावर बेतणारा आहे. म्हणून त्याचा मुद्देसूद प्रतिवाद व्हायला हवा.

आधी गावाची जागा ध्यानात घ्या. भाईंदर पश्चिमेहून मुर्धे, राई, मोर्वा ही गावं मागे टाकत रस्ता उत्तनकडे येतो. उत्तनला लागून पाली आणि पुढे चौक. मिरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीचं हे समुद्राकडचं टोक. जमिनीवरून बाहेर पडायचं तर भाईंदरकडेच जावं लागतं. गोराईच्या बाजूने गेलं तरी पुढे खाडी आडवी येते. ते गोराई मुंबई महापालिकेत आणि मुंबई उपनगर जिल्ह्यात, तर पाली ठाणे जिल्ह्यात. पोलीस आयुक्तालय मिरा-भाईंदर आणि वसई-विरार मिळून २०२० साली झालं, म्हणजे त्याची अर्धी हद्द पालघर जिल्ह्यात. पुढचा समुद्र तटरक्षक दलाचा, होड्यांचे परवाने मत्स्यव्यवसाय विभागाचे, बंदराचा कारभार मेरीटाईम बोर्डाचा. एका वादळाला सामोरं जाताना एवढ्या कचेऱ्यांना एका रात्रीत एकमेकींशी बोलावं लागणार आहे. त्या याआधी एकत्र बसल्याच नसतील, तर त्यांची पहिली ओळख वादळातच व्हायची.

आता पहिला आक्षेप घेऊ. सराव म्हणजे देखावा. या आक्षेपाचं उत्तर आपल्याच किनाऱ्यावर आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातले दहा दहशतवादी समुद्रातून आले. ‘कुबेर’ नावाची मच्छीमार बोट पळवून ते मुंबईजवळ पोहोचले आणि रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छीमार वसाहतीत उतरले. त्यानंतर राज्याच्या किनाऱ्यावर ‘सागर कवच’ ही कवायत रुजली. तटरक्षक दल, नौदल, सागरी पोलीस, सीमाशुल्क विभाग आणि मच्छीमार तिच्यात उतरतात. एक गट हल्लेखोर होतो, खोटी स्फोटकं घेऊन समुद्रातून घुसायचा प्रयत्न करतो. दुसऱ्या गटाने त्याला अडवायचं. हल्लेखोरांचा गट कुठून आणि कधी येणार, हे अडवणाऱ्यांना माहीत नसतं. उत्तनच्या सागरी पोलीस ठाण्यासमोरचा समुद्रही याच किनाऱ्याचा भाग आहे.

या कवायतीत अपयश दिसतं, आणि तेच तिचं मोल आहे. घुसखोर नाक्यापर्यंत पोहोचला तर तो पोहोचला. कुणालाही ‘यंत्रणा सज्ज’ म्हणून वेळ मारून नेता येत नाही. कुठली गस्त कमी पडली, कुठल्या धक्क्यावर कुणीच नव्हतं, हे त्याच दिवशी कळतं. म्हणजे खरा सराव कसा असतो हे आपल्या यंत्रणेला चांगलं ठाऊक आहे. दहशतवाद्याला जी शिस्त लावली, ती वादळाला का लावायची नाही, एवढाच प्रश्न उरतो. हल्ल्याला वर्ष होतं न होतं तोच, ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळलं. किती तरी होड्या बुडाल्या, अनेक खलाशी परतलेच नाहीत. हल्ल्यापासून जो धडा घेतला, तो त्याच तातडीने आपण फयानपासून घेतला नाही. वादळासाठी हार-जीत मोजणारी अशी कवायत अजून आपल्या अंगवळणी पडलेली नाही.

तेव्हा तमाशा म्हणणाऱ्यांचं खरं भांडण ठरवून, सांगून, जिंकण्यासाठीच केलेल्या सरावाशी आहे. त्या भांडणात मी त्यांच्या बाजूने उभा आहे. पण वाईट सरावावरचा उपाय चांगला सराव आहे. सरावच बंद केला तर वाईट तयारी झाकलेली राहते, एवढंच होतं.

चांगला सराव कसा असतो, ते पालीपुरतं मांडून बघू. त्याला हेलिकॉप्टर लागत नाही. एक लांब टेबल, भोवती वर मोजलेल्या सगळ्या कचेऱ्यांची माणसं, मच्छीमार सहकारी संस्थांचे प्रतिनिधी आणि दोन-तीन जुने तांडेल एवढं पुरतं. एक पंच चिठ्ठ्या देत जातो आणि दुसरा वेळ लिहून घेतो.

पहिली चिठ्ठी: मे महिन्याचा शेवटचा आठवडा, १ जूनपासून मासेमारी बंद होणार म्हणून शेवटच्या फेरीला गेलेल्या होड्या अजून बाहेर आहेत, दुपारी चार वाजता हवामान खात्याचा लाल इशारा आला. आता सांगा, बाहेर असलेल्या होड्यांची यादी कुणाकडे आहे? ती आजची आहे की गेल्या महिन्याची? वायरलेसवर त्यांना कोण बोलावणार, मत्स्यव्यवसाय विभाग, संस्थेचा सचिव की सागरी पोलीस? तिघांनीही ‘दुसरा कळवेल’ असं धरलं असेल, तर ते इथेच, टेबलावर, कुणाचाही जीव न जाता उघडं पडतं.

दुसरी चिठ्ठी, संध्याकाळी सहा: भाईंदरच्या रस्त्यावर झाड आणि विजेचा खांब आडवा पडला, अग्निशमन दलाची गाडी पलीकडे अडकली. अलीकडे, गावात, झाड कापायची करवत कुणाकडे आहे? वीज बंद केल्याची खात्री झाल्याशिवाय खांबाला हात लावायचा नाही, मग ती खात्री देणाऱ्या वीज कंपनीच्या माणसाचा नंबर कुणाजवळ आहे?

तिसरी चिठ्ठी, आठ वाजता: मोबाईल टॉवर बंद. हा कल्पनेचा खेळ नव्हे. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळानंतर श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगडच्या गावांमध्ये कितीतरी दिवस वीज नव्हती आणि फोनही लागत नव्हते. ज्या योजनेचं प्रत्येक पान ‘फोनवर कळवावे’ या वाक्यावर उभं आहे, ती योजना आठ वाजून एक मिनिटाने संपते. मग निरोप कसा जाणार? चर्चची घंटा वाजवायची का? किती ठोके म्हणजे घर सोडा, आणि हे ठोके आधी गावाला माहीत आहेत का?

चौथी चिठ्ठी, नऊ वाजता: एका बाईच्या बाळंतकळा सुरू झाल्या, भाईंदरला टेंभ्याच्या पंडित भीमसेन जोशी रुग्णालयात न्यायचंय, रस्ता बंदच आहे. पाचवी, दहा वाजता: किनाऱ्यालगतची घरं रिकामी करून लोकांना शाळेत हलवायचंय. शाळेची किल्ली ज्याच्याकडे आहे तो राहतो कुठे? वर पाणी चढवायला जनरेटर आहे का, त्यात डिझेल आहे का? सहावी, मध्यरात्री: एक होडी परतलेली नाही. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक लावायचा, हे किती जणांना पाठ आहे, आणि फोन बंद असताना तो लावणार कशावरून?

तीन तासांत असल्या दहा-बारा चिठ्ठ्या होतात. प्रत्येक ‘माहीत नाही’ कागदावर उतरतं. खर्च म्हणाल तर चहापाण्याचा. यात तमाशा कुठे आहे? त्या टेबलावर उघडं पडणाऱ्याला संकोच वाटेल, हे खरं. पण तपासणीत साखर वाढलेली निघाली म्हणून आपण रक्ततपासणीलाच नावं ठेवत नाही.

दुसरा आक्षेप गावातून येतो आणि त्यात अभिमान आहे. आम्ही पिढ्यानपिढ्या समुद्रावर आहोत, आम्हाला वादळ शिकवणार कोण? या अभिमानाचा मी आदर करतो. वारा फिरला हे तांडेलाला यंत्राआधी कळतं. पण त्यानेच नीट विचार करावा. फयानमध्ये गेलेले खलाशी नवखे नव्हते. आणि मे २०२१ चं ‘तौक्ते’ आठवा. हवामान खात्याने दिवसांआधी इशारे दिले होते. तरी मुंबईपासून दूर समुद्रात ‘पी-३०५’ या तराफ्यावर २६१ माणसं राहिली. १७ मे रोजी तो बुडाला. त्याच वादळात ‘वरप्रदा’ ही टगबोटही गेली. दोन्हींवर मिळून ऐंशीहून अधिक माणसं दगावली. तिथे समुद्राची माहिती असणाऱ्यांची वाण नव्हती, इशाराही होता. ‘आता निघा’ हा निर्णय मात्र वेळेत झाला नाही. ज्ञान असणं आणि त्या ज्ञानावर ठरल्या वेळी हुकूम सुटणं यांत अंतर असतं, आणि माणसं त्या अंतरात मरतात.

म्हणून हा सराव कोळ्यांना शिकवण्यासाठी नाहीच. तो कचेऱ्यांसाठी आहे. कोळ्यांनी त्यात परीक्षक व्हावं. कुठल्या वाऱ्यात कुठल्या होड्या कुठे आसरा घेतात, कुणाच्या घरात पहिल्यांदा पाणी शिरतं, हे चिठ्ठी लिहिणाऱ्याला त्यांनीच सांगायचंय. आणि बायकांना त्या टेबलावर जागा हवीच. होड्या बाहेर असतात तेव्हा गावात म्हातारी माणसं, पोरं आणि त्यांना सांभाळणाऱ्या बायकाच असतात. दिवसा अकरा वाजता, बायका मासळी घेऊन बाजाराला गेलेल्या असताना केलेला सराव, रात्रीच्या वादळात कोण कुणाला उचलणार हे सांगू शकत नाही.

तिसरा आक्षेप पैशांचा. सराव कसले करता, भिंत बांधा, धक्का बांधा, बोटी द्या. भिंत आणि धक्का हवाच, त्याची मागणी कुणी सोडू नये. पण वस्तू आली म्हणजे तयारी झाली, या समजुतीची किंमत आपण मोजली आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ गावात बोट होती. ८ ऑगस्टला ती गावकऱ्यांना घेऊन निघाली, तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसं चढली आणि ती उलटली. बाया-मुलांसकट अनेक जण बुडाले. पुराने घाबरलेला जमाव बोटीकडे धावला की त्याला थांबवायचं कुणी, एका फेरीत किती बसवायचे, आधी कुणाला न्यायचं, हे बोटीच्या पावतीवर लिहिलेलं नसतं. ते आधी करून बघावं लागतं.

उलट बाजूला ओडिशा बघा. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ साली ‘फायलीन’ आलं तेव्हा जवळपास दहा लाख लोकांना आधीच हलवलं होतं, आणि मृतांचा आकडा काही डझनांवर थांबला. यात निवारे होते, इशारे होते आणि गावोगाव ठरलेली माणसं होती; एकट्या सरावाला सगळं श्रेय देणं खोटं ठरेल. पण निवारा बांधला आणि त्याचं दार उघडण्याची, तिथवर म्हातारीला नेण्याची सवयच लावली नाही, तर ती नुसती इमारत उरते. २०२० साली ओडिशातली व्यंकटरायपूर आणि नोलियासाही ही दोन गावं युनेस्कोच्या आयोगाने ‘त्सुनामी-सज्ज’ म्हणून मान्य केली. त्या मान्यतेच्या निकषांत गावाने स्वतः सराव केलेला असणं हाही एक आहे. आणि त्सुनामी आपल्या किनाऱ्याला परकी आहे असं कुणी समजू नये. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरानजवळच्या भूकंपाने उठलेल्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या.

पैशांचा आक्षेप घेणारे जाणकार इथे एक परदेशी दाखला देतात, तोही टाळणं बरं नाही. जुलै २००४ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात ‘हरिकेन पॅम’ नावाच्या काल्पनिक वादळाचा मोठा सराव झाला. न्यू ऑर्लिन्स पाण्याखाली जाईल, लाखो लोकांना हलवावं लागेल, हे त्यात मांडलं होतं. वर्षभराने, ऑगस्ट २००५ मध्ये, ‘कॅटरिना’ आलं आणि हजाराहून अधिक माणसं मेली. मग सरावाचा उपयोग काय झाला, असं ते विचारतात. पुढचा भागही वाचायला हवा. सरावातून निघालेल्या त्रुटींवर काम करायच्या पुढच्या बैठका पैशांअभावी लांबल्या. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना शहराबाहेर कसं काढायचं, हे काम अर्धवट राहिलं. आणि कॅटरिनात हाल झाले ते नेमके त्यांचे. सरावाने दोष अचूक दाखवला होता. सरकारने तो दुरुस्त केला नाही. हा दाखला सरावाच्या विरोधात जात नाही. सराव करून त्याचा अहवाल फडताळात टाकणाऱ्यांच्या तो विरोधात जातो.

चौथा आक्षेप सर्वांत हुशार आहे. खरी आपत्ती कधीच ठरल्याप्रमाणे येत नाही, मग ठरवून केलेल्या सरावाचा उपयोग काय? याचं उत्तर जपानने ११ मार्च २०११ रोजी दिलं. कामाइशी शहरातल्या उनोसुमाई भागात एक प्राथमिक आणि एक माध्यमिक शाळा शेजारी-शेजारी होत्या. गुन्मा विद्यापीठाचे प्राध्यापक तोशिताका कातादा काही वर्षं तिथल्या मुलांना शिकवत होते. आधी ठरवलेल्या अंदाजांवर आंधळा विश्वास ठेवू नका, हाच त्यांचा पहिला नियम होता. भूकंप थांबताच मोठी मुलं उंचावर धावली, त्यांना बघून धाकटी धावली. नेमून दिलेल्या जागी पोहोचल्यावर त्यांना ती धोक्याची वाटली, म्हणून ती आणखी वर गेली, मग आणखी वर. मागे समुद्राने त्यांच्या शाळा गिळल्या. मुलं वाचली. त्याच दिवशी इशिनोमाकी शहरातल्या ओकावा प्राथमिक शाळेत शिक्षक मुलांना घेऊन सुमारे पन्नास मिनिटं पटांगणात थांबले, कुठे जायचं हे ठरेना. शाळेमागे टेकडी होती. ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले.

समुद्र तोच, दिवस तोच. कामाइशीच्या मुलांनी एक रस्ता घोकला नव्हता. धोका ओळखून हुकमाची वाट न बघता हलायची सवय त्यांच्या पायात उतरली होती. ठरल्याप्रमाणे काहीच घडत नाही, म्हणूनच सराव हवा. चिठ्ठीवर अनपेक्षित लिहायचं ते त्यासाठीच.

पाचवा आक्षेप भीतीचा आणि अपघातांचा. जुलै २०१८ मध्ये कोइम्बतूरच्या एका महाविद्यालयात आपत्ती सरावाच्या नावाखाली एका विद्यार्थिनीला इमारतीवरून ढकललं गेलं आणि ती मेली. ढकलणारा तोतया प्रशिक्षक निघाला. याचा धडा असा की सराव घेणारा कोण, त्याला अधिकार कुणी दिला, सुरक्षेची जबाबदारी कुणाची, हे आधी लेखी असलं पाहिजे. आणि लोक घाबरतील म्हणून सराव नको म्हणणाऱ्यांनी हे सांगावं, की माणसं जास्त केव्हा घाबरतात, एकदा चालून बघितलेल्या वाटेवर की काळोखात पहिल्यांदाच धावताना?

आक्षेप संपले, आता मागणी. ७ मे २०२५ रोजी देशातल्या २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांसाठी ‘ऑपरेशन अभ्यास’ हा सराव झाला. कुठे सायरन ऐकूच गेला नाही, कुठे लोकांना खाली उतरायला किती वेळ लागला, याचा हिशेब आपल्या वस्तीत किती जणांच्या हाती पडला, हे वाचकाने स्वतःला विचारावं. हा हिशेब लोकांपुढे यायलाच हवा, आणि कायद्याने त्याची वाट मोकळीही केली आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार जिल्ह्याच्या आराखड्याचा दरवर्षी आढावा घ्यावा लागतो. २०२५ च्या दुरुस्तीने महापालिका असलेल्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण नेमायची मुभा राज्याला मिळाली. मिरा-भाईंदर हे असंच शहर आहे, आणि त्याच्या समुद्राकडच्या टोकाला पाली आहे.

तेव्हा वर्षात दोन सराव व्हावेत, एक मेमध्ये आणि एक ऑक्टोबरच्या आधी, कारण अरबी समुद्रातली वादळं पावसाळ्याच्या अलीकडे आणि पलीकडे येतात. त्यांतला एक तरी रात्री आणि न सांगता व्हावा. पंच बाहेरच्या जिल्ह्याचा असावा, स्वतःचीच परीक्षा स्वतः तपासायची नाही. मुंबईच्या हद्दीतलं गोराई आणि ठाण्याच्या हद्दीतली पाली एकाच सरावात असावीत, वादळ जिल्ह्याची हद्द बघून वळत नाही. महिन्याभरात अहवाल मराठीत, मच्छीमार संस्थेच्या फलकावर लागावा. त्यात तीन रकाने असावेत: काय चुकलं, कोण दुरुस्त करणार, कुठल्या तारखेपर्यंत. आणि पुढचा सराव याच यादीपासून सुरू व्हावा. सरावात चूक सापडली म्हणून कुणावर कारवाई होऊ नये, नाहीतर पुढच्या वेळी सगळे चुका लपवतील. कारवाई व्हावी ती सापडलेली चूक तशीच ठेवणाऱ्यावर.

सरावाची टिंगल करणाऱ्यांना माझं सांगणं आहे. तुमची शंका वाया घालवू नका, ती कामाला लावा. सराव जाहीर झाला की जा, टेबलापाशी बसा, चिठ्ठी लिहायला मदत करा, उत्तर मिळालं नाही तर ते लिहून घ्या. अधिकाऱ्यांनाही एवढंच सांगायचंय, की ज्या सरावात एकही दोष सापडला नाही तो झालाच नाही असं आम्ही धरू. पहिल्या सरावात वीस चुका निघाल्या तर आम्ही प्रशासनाचं मनापासून अभिनंदन करू. दुसऱ्या वर्षी त्यातली एक जरी तशीच राहिलेली दिसली, तर त्या एका चुकीचा जाब नाव घेऊन, तारीख सांगून मागू.